चूल कुणाची, भाकर कुणाची

दादा,

तू गेल्यापासून नल्लकुंट्याच्या घरात तवा चढलेला नाही. माय सकाळी उठते, अंघोळ करते, पांढरं लुगडं नेसते आणि तुझ्या खुर्चीसमोर खाली बसून राहते. चहा दिला तर दोन घोट घेते. सुनंदा रोज आमच्या अंबरपेठच्या घरून डबा करून नेते. माय झाकण उघडते, वास घेते, चांगलं झालंय गं म्हणते, आणि झाकण परत लावते. सुनंदा घरी येऊन माझ्याकडे बघते. मी काय करू? सून म्हणून ती हट्ट करू शकते, मी मुलगा म्हणून रागावू शकतो. ते दोन्ही करून झालं.

पोरांना जीवशास्त्र शिकवत आयुष्य गेलं, त्यामुळे मायच्या अंगात काय चाललंय ते मला न बघता दिसतं. यकृतात साठवलेली साखर पहिल्याच दिवसात संपते. मग शरीर चरबीला हात घालतं, आणि मायच्या अंगावर ती होतीच किती. मग ते स्वतःचे स्नायू मोडून जाळायला घेतं. परवा तिला उठवताना मी दंडाला धरलं, तर बोटं एकमेकांना टेकली. फळ्यावर हे लिहिताना मला कधी काही वाटलं नव्हतं.

आणि त्या वेळी, तिचा दंड हातात असताना, माझ्या मनात जे आलं ते तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मी गेलो असतो तर मायनं जेवण सोडलं असतं का?

बघ, तू नाहीस तरी माझं हेच चाललंय.

तू तीन वर्षांचा असताना तुझी आई गेली. आबांनी दुसरं लग्न केलं ते तिच्याच पाठच्या बहिणीशी. आपल्याकडे तेव्हा तसंच करत, लेकरू परक्या हाती जाऊ नये म्हणून. ती आली, नांदेडकडच्या गावातून थेट हैदराबादेत, आणि तू तिला माय म्हणायला लागलास. मी पुढे सात वर्षांनी झालो. घरात ही गोष्ट कधी लपवली नव्हती. तुझ्या आईचा फोटो भिंतीवर होता, तिला आपण दोघंही थोरली माय म्हणायचो. पण भिंतीवरच्या फोटोकडे रोज कोण बघतं? मी एवढंच मनात धरून मोठा झालो की तू थोरलीचा आणि मी धाकटीचा, आणि ती धाकटी आहे माझी, पण वागते तुझी असल्यासारखी.

पुरावा रोज ताटात पडायचा. तव्यावरून उतरलेली पहिली भाकर तुझी. माय लग्न होऊन आली त्या दिवशी तू चुलीपाशी येऊन बसलास, आणि तिनं या घरात केलेली पहिली भाकर तुला दिली, तेव्हापासूनचा तो रिवाज. चुलीच्या जागी स्टोव्ह आला, मग गॅस आला, तू हॉस्पिटलात लागलास, लग्न केलं नाहीस, तुझे केस पांढरे झाले, तरी पहिली तुझी. मी भुकेनं रडत असलो तरी दुसरी. एकदा मी ताट भिरकावलं होतं, आठवतं? तू ते उचलून आणलंस आणि मला बाहेर नेऊन समजावलंस, "पहिली भाकर कच्ची असते रे येड्या, हौल्या. तवा तापलेला नसतो. फुगते ती दुसरी, आणि ती तुला मिळते. सौदा तुझा चांगलाय."

मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, ज्याला पहिली मिळते तोच असं बोलू शकतो.

तुझ्या अंगातल्या ताकदीचाही मला राग यायचा. नाइट ड्युटी करून यायचास आणि आल्या आल्या गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढायचास. जयंतीच्या मिरवणुकीत ढोलासमोर नाचून नाचून सगळी पोरं खाली बसायची, तू तेव्हा पाण्याचे ग्लास भरून वाटायला लागायचास. मी एक तास शिकवून आलो की आडवा होतो. एकाच घरात वाढलो, एकच खाल्लं, मग तुला हे कुठून मिळालं? डॉक्टरला विचारलं असतं तर त्यानं रक्त तपासायला सांगितलं असतं. मी मायलाच दोष दिला. तुला जास्त वाढत असेल.

आणि ते तुझं ब्रदर असणं. मेल नर्सला सगळीकडे ब्रदरच म्हणतात हे मलाही माहीत आहे. पण तुझ्याबरोबर हॉस्पिटलाजवळच्या कोठी बाजारातून चालणं म्हणजे शिक्षा होती. जुन्या पुस्तकांचा दुकानदार हाक मारायचा, औषधाच्या दुकानातली बाई हाक मारायची, प्लास्टर घातलेला कुणीतरी रिक्षातून हात करायचा. अशोक ब्रदर, कैसे हैं. ब्रदर, अम्मीकू आराम है. तू थांबायचास, अम्मीची चौकशी करायचास, आणि मी पिशवी घेऊन बाजूला उभा. अख्ख्या कोठीचा तू भाऊ, आणि मी तुझ्यासोबत आलेला कुणीतरी.

खरं तर त्याच कोठीतून तू माझ्यासाठी जीवशास्त्राचं पहिलं पुस्तक आणलं होतंस. कुणाच्या तरी रेघा मारलेलं, कव्हर फाटलेलं. तू नर्सिंगची परीक्षा देत होतास, मी शाळेत होतो, आणि आपण एकाच दिव्याखाली पेशीची आकृती बघत होतो. आत ते शेंगदाण्यासारखे, घड्या घातलेले कण होते. मायटोकाँड्रिया, मराठीत तंतुकणिका. इथेच जेवणातली ऊर्जा मोकळी होते, तू बोट ठेवून मला सांगितलंस. मी आज जे शिकवून पोट भरतो त्याचं पहिलं बोट तुझं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. माझ्या वर्गात तर नाहीच.

आता तो रविवार.

दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचो आणि तू मला बोलतं करायचास. तुला सगळं येत असूनही विचारायचास, हे मला कळायचं, पण मायसमोर माझं ज्ञान दिसतंय म्हणून मी बोलायचो. "सांग मास्तर, उद्या काय आहे?" तू विचारलंस. मी म्हणालो, श्वसन. नाकाचं नाही, पेशीचं. माय तव्यापाशी होती. मी जोरात बोलत होतो, तिला ऐकू जावं म्हणून.

मी सांगितलं की भाकरीची साखर होते, साखर रक्तातून पेशीत जाते, तिथे तिचे आधी दोन तुकडे होतात आणि ते तुकडे तंतुकणिकेत शिरतात. भाकर चुलीत टाकली तर भसकन पेटून राख होईल, पेशीत तसं झालं तर पेशीच जळेल, म्हणून तिथे ते काम हळूहळू चालतं. तुकड्यांतला कार्बन सुटतो, तो आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो. उरलेल्यातून इलेक्ट्रॉन निघतात, ते एका हातातून दुसऱ्या हातात, पायऱ्या उतरत जातात, आणि दर पायरीवर थोडी ऊर्जा काढून घेतली जाते. त्या ऊर्जेवर पडद्यामागे दाब साठवतात, नागार्जुनसागरला पाणी अडवतात तसा. तो दाब सुटला की एक चक्र खरोखर गरगर फिरतं आणि त्यातून शरीराला वापरता येईल अशी ऊर्जा तयार होते. खालच्या पायरीवर ऑक्सिजन उभा असतो. तो शेवटी सगळं पदरात घेतो आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो एवढ्यासाठी.

"एवढ्या हातांतून?" तू म्हणालास. "आमच्या हॉस्पिटलातली फाइलसुद्धा एवढे हात फिरत नाही."

माय हसली. तुझ्या विनोदाला ती नेहमी हसायची. मी आणखी पुढे गेलो. सांगितलं की हे कण कोट्यवधी वर्षांपूर्वी स्वतंत्र जीव होते, दुसऱ्या पेशीनं त्यांना गिळलं, पण ते पचले नाहीत, आतच राहिले आणि घरचे झाले. तू म्हणालास, म्हणजे भाडेकरूनं घर बळकावलं. माय पुन्हा हसली.

मग मी ते बोललो. म्हणालो, ही तंतुकणिका म्हणजे पेशीतली चूल, आणि ती प्रत्येकाला फक्त आईकडून मिळते. बापाची पुढच्या पिढीत येत नाही. आईची आई, तिची आई, अशी बायकांच्या ओळीतूनच ती उतरत येते.

तू घास तोडता तोडता थांबलास. "मग तुझ्यात मायची चूल."

"हो."

"आणि माझ्यात?"

"तुझ्यात नाही," मी म्हणालो. "तुझ्यात थोरल्या मायची."

प्रश्न यायची वाट बघत असल्यासारखं माझं उत्तर आलं. किती वर्षं शोधत होतो मी अशी एक वस्तू, जी तिची आहे, माझ्यात आहे आणि तुझ्यात नाही. आणि ती साधीसुधी वस्तू नव्हती. तिच्यावर जगणं चालतं.

मायचा हात तव्यावर थबकला. तिनं विचारलं, काय म्हणतोय रं हा? तू म्हणालास, काही नाही माय, पोरांना शिकवायचंय त्याला. पण तिला कळलं होतं. पुढची भाकर माझ्या ताटाची होती. ती तिनं तुझ्या ताटात टाकली.

तू चिडला नाहीस. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू वाद घातलास. म्हणालास, "चूल थोरलीची असेल बाबा. पण त्यात जळलं काय आजवर? हिचीच भाकर न? मग ताकद कुणाची?" मी म्हणालो, भाकर कुणाचीही चालते, हॉटेलातलीही चालते, चूल महत्त्वाची. तू म्हणालास, "रिकाम्या चुलीपाशी बसून बघ एकदा." मी म्हणालो, चूलच नसेल तर भाकरीचं काय करशील, उशाला घेशील? ताटातले हात वाळेपर्यंत आपण भांडलो. जिन्यापाशी मी चपला घालत असताना तू वरून म्हणालास, "पुढच्या रविवारी जवाब घेऊन ये मास्तर. हौल्यासारखा नक्को."

मी बसमध्ये हसत होतो. जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात वॉर्डातून उतरताना तू पायरीवर बसलास, कुणाला तरी पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत गेलास. हृदयाच्या स्नायूंत तंतुकणिका खचाखच भरलेल्या असतात, दादा, कारण त्याला एक क्षण सुट्टी नसते. रक्त थांबलं, ऑक्सिजन थांबला, खालच्या पायरीवर घ्यायला कुणी उरलं नाही की वरचे सगळे हात जागच्या जागी अडकतात. मला हे सगळं माहीत आहे. याचा काहीच उपयोग नाही.

जलदान विधीला घर पुरलं नाही, लोक जिन्यावर उभे होते. पांढऱ्या कपड्यांतले आपले लोक होते, आणि त्यांच्याहून जास्त तुझे कोठीचे लोक होते. पुस्तकवाले चाचा आले, माझा हात धरून बराच वेळ रडले. हमारा भाई चला गया, म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी मला नीट पाहिलं.

"आप कौन होते उनके?"

"मैं उनका भाई."

"सगे?"

दादा, मी गप्प राहिलो. दोन श्वासांएवढा वेळ असेल. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावलेल्या, भंतेजी आसनावर बसलेले, आणि मी मनात चुली मोजत होतो. मग हो म्हणालो. चाचांना त्यात काही दिसलं नसावं. मला दिसलं.

भंतेजींनी पाण्याचं भांडं पुढे केलं. पेला भरून वाहेपर्यंत पाणी ओतायचं, आणि घरच्या सगळ्यांनी त्या भांड्याला हात लावायचा. मायचा हात, माझा, सुनंदाचा, आमच्या पोरीचा. भंतेजी तुझं नाव घेणार तेवढ्यात माय म्हणाली, "आधी माझ्या बहिणीचं नाव घ्या, भंतेजी. मग त्याचं. एका मायच्या आम्ही दोघीच लेकी. तिचं लेकरू तिच्याकडं चाललंय."

पाणी पेल्यात पडत होतं आणि मी मान खाली घातली. सुनंदाला वाटलं मी रडतोय.

एका मायच्या दोघी. एवढी वर्षं मी पोरांना फळ्यावर आईची ओळ काढून दाखवतोय. खालून वर, लेकराकडून आईकडे, आईकडून आजीकडे. तुझ्या-माझ्या बाबतीत मात्र माझा खडू आईपाशीच थांबला. तुझ्या वर थोरली, माझ्या वर धाकटी, संपलं. आणखी एक पायरी चढलो असतो तर दोन्ही रेघा एकाच बाईपाशी येऊन मिळाल्या असत्या. आजीनं जी चूल थोरलीला दिली तीच धाकटीला दिली. थोरलीची तुझ्यात आली, धाकटीची माझ्यात. आपल्या अंगात दोन चुली नव्हत्याच कधी. कुठल्याही पोरानं वर्गात हे उत्तर दिलं असतं. आपल्यासारख्या घरातलं पोर असेल तर बसल्या जागेवरून दिलं असतं. मास्तरला आलं नाही, कारण मास्तरला यायला नको होतं.

तुला वाटेल, मला बरं वाटलं असेल. नाही. पेला भरून पाणी ताटलीत सांडत होतं आणि मला काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं. मायची एकच वस्तू माझी एकट्याची होती. तीही तुझ्यात निघाली. आणि भाकर तर तुझी होतीच. बघ, तुझ्या जलदानाला उभा राहून मी तुझ्यावर जळत होतो. त्यानंतर थोडी लाज वाटली. मग खूप वाटली. कारण तू ज्या प्रश्नाचा जवाब मागितला होतास तो मला मिळाला होता, आणि रविवार कुठून आणायचा ते कळत नव्हतं.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं होतं. आणि आज कॉलेज सुटल्यावर घरी न जाता सरळ मायकडे गेलो. ती खुर्चीसमोर बसली होती. सुनंदाचा डबा न उघडता ओट्यावर होता. मी खाली बसलो. म्हणालो, माय, त्या रविवारी मी दादाला जे बोललो ते चूक होतं. तिला सगळं सांगितलं, आजीपासून. तिच्या आईचं नाव घेतलं तेव्हा तिनं मान वर केली. मी जमिनीवर बोटानं रेघा काढून दाखवल्या. वर आजी, खाली दोघी, त्यांच्या खाली आपण दोघं. तिनं त्या रेघांवरून, म्हणजे मोकळ्या फरशीवरून, बोट फिरवलं.

"म्हंजी त्याच्यात होती ती तुझ्यात पण हाये," ती म्हणाली.

"तीच."

"आन माझ्यात."

"हो."

"तुझ्या पोरीत?"

"तिच्यात सुनंदाची. माझी पुढं जात नाही, माय."

"म्हंजी आता तू आन मी. बस."

मी मान हलवली. हे मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. ती काहीतरी जुळवत होती, तिचे ओठ हलत होते. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, तू ड्युटीवरून आलास की तुझ्याकडे पाहायची तसं.

"जेवलास?"

"नाही अजून."

"सकाळपासून?"

"चहा घेतला होता."

"तीच चूल हाये म्हणतोस," माय म्हणाली, "आन उपाशी हिंडवतोस तिला."

ती भिंतीला हात लावून उठली. मी धरायला गेलो तर तिनं हात झटकला. ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, परातीत पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं. मळताना मध्ये दोनदा थांबली, ओट्याला टेकून उभी राहिली, पण मला हात लावू दिला नाही. किती दिवसांनी त्या घरात भाकर थापल्याचा आवाज आला. मी तुझ्या खुर्चीत बसलो नाही. तुझ्या खुर्चीशेजारी खाली बसलो.

पहिली भाकर तिनं माझ्या ताटात टाकली.

दादा, ती कडेला कच्ची होती. मधेही पिठूळ लागत होती. तू खोटं बोलत नव्हतास. पन्नाशी ओलांडल्यावर मला ते ताटात मिळालं, तुला जन्मभर मिळालं आणि तू ते आवडीनं खाल्लंस. मी ती पूर्ण खाल्ली, कच्च्या कडेसकट. माय तव्यापाशी उभी राहून मी खातो का ते बघत होती.

दुसरी टम्म फुगली. मी उठलो, ती तिच्या हातातून घेतली, फोडली, वाफ जाऊ दिली आणि एक तुकडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं आधी तोंड फिरवलं. मग घेतला. मग हळूहळू, सुनंदाच्या डब्यातल्या वरणाशी, अर्धी भाकर खाल्ली.

ती चावत होती आणि मी बघत होतो. आता साखर होईल, आता रक्तात जाईल, आजीच्या चुलीत पेट घेईल. तुझ्या प्रश्नाचा जवाब मी आणला होता आणि तो अर्धाच होता. चूल एक आहे हे मला सापडलं. पण तिच्यावर काहीतरी टाकल्याशिवाय ती कुणालाच जगवत नाही, हे तूच बरोबर म्हणत होतास.

निघताना मायनं विचारलं, उद्या येशील न? मी हो म्हणालो. ती म्हणाली, मग लवकर ये, पहिली गार होते.

जिना उतरताना मनात आलं, परत जावं आणि तिला विचारावं की ती पहिली भाकर तिनं कुणाला वाढली, मला की माझ्यात उरलेल्या तुला. पायरीवर थांबलोसुद्धा. मग तसाच खाली उतरलो. विचारलं नाही. पण विचारायची इच्छा गेली असं खोटं तुला सांगणार नाही.